वसईचा दुभाषा

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांच्या जुन्या वास्तूचे अवशेष आहेत. ते पाहताना मला त्याच संघाचे ब्रदर, वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आठवतात. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात ते जेज्विटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. पण त्या संघात प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाले. १५९३ साली ते दुभाषे म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशीसमोर उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत तेही होते. संतपद मिळालं १८६२ साली, २६५ वर्षांनी. चर्चने त्यांचं मरण गौरवलं. मला त्याआधीचं जगणं मोठं वाटतं: नाकारलेल्या तरुणाच्या हाती भाषाच उरली होती, तिनेच त्यांना दरबारापर्यंत नेलं, आणि क्रुसापर्यंतही.