कल्याणच्या खाडीकिनारी नौदलाची बोट काय करतेय? निवृत्त गस्ती बोटींचं पुढे नेमकं होतं काय?

कल्याण आणि समुद्र यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो, 'काही नाही, सीएसएमटी चोपन्न किलोमीटरवर आहे.' पण दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीकिनारी नौदलाची एक खरीखुरी बोट आणली गेली आहे. प्रतिकृती नाही, फायबरचा देखावा नाही. बावीस वर्षं भारतीय नौदलात नोकरी केलेली ही बोट. नाव 'आयएनएस टी-८०'.

मोठ्या युद्धनौकांना विक्रांत, विराट, तलवार अशी भारदस्त नावं मिळतात. हिला नुसता नंबर. बातमी आली, सेल्फी झाले, रील झाल्या आणि विषय संपला. पण एक प्रश्न राहतोच. नौदलाची बोट निवृत्त झाली की जाते कुठे? आणि सगळ्या शहरांतून ही कल्याणलाच का आली?

आधी बोट समजून घेऊ.

टी-८० ही 'सुपर द्वोरा मार्क टू' जातीची वेगवान हल्ला नौका. बांधणी इस्रायलच्या रामता कंपनीची. द्वोरा या हिब्रू शब्दाचा अर्थ मधमाशी, आणि नाव अगदी चपखल आहे. लांबी साधारण २५ मीटर, म्हणजे आपल्या लोकलच्या एका डब्यापेक्षा थोडी जास्त. वजन ६० टनांच्या घरात. वेग मात्र ४० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. कल्याणहून सुटलेली फास्ट लोकल सरासरी काढली तर याहून हळू धावते! तिचा तळ पाण्यात जेमतेम मीटरभर बुडतो, त्यामुळे मोठं जहाज जिथे जाऊच शकत नाही अशा उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी ती सहज फिरते.

२४ जून १९९८ ला ती नौदलात दाखल झाली. तेव्हा अशा बोटी कशाला लागल्या, हे समजायला पाच वर्षं मागे जावं लागतं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' ही गस्त सुरू झाली. किनाऱ्याजवळ, अंधारात, छोट्या बोटीचा पाठलाग करायचा तर त्यासाठी विमानवाहू नौका नाही, मधमाशीच हवी. शेजारी श्रीलंकेत द्वोरा जातीच्या बोटी एलटीटीईच्या 'सी टायगर्स'शी प्रत्यक्ष लढत होत्या, म्हणजे हे डिझाइन कागदी नव्हतं.

२३ डिसेंबर २०२० ला टी-८० निवृत्त झाली.

निवृत्तीचा सोहळा छोटा पण हळवा असतो. सूर्यास्ताच्या वेळी जहाजावरचा नौदलाचा ध्वज शेवटचा उतरवतात. सेवेत असेपर्यंत डोलकाठीवर फडकणारी लांब अरुंद पताकाही खाली येते. त्या क्षणापासून ती 'आयएनएस' राहत नाही, कागदावर तिच्या नावाआधी 'माजी' लागतं. मग शस्त्रं, रडार, संपर्क यंत्रणा असं कामाचं सगळं काढून घेतात. उरतो तो सांगाडा.

सांगाड्याचं काय करायचं?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, भंगार. क्वचित एखादं जहाज क्षेपणास्त्राच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून बुडवतात, एखादं मित्रदेशाला देतात. भारताने २००६ मध्ये 'तिलांचांग' ही गस्ती नौका मालदीवला दिली आणि तिथे ती 'हुरावी' झाली. संग्रहालय होण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ते टिकेल याचीही खात्री नसते.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात मोठी कामगिरी केलेली 'विक्रांत' १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत तरंगतं संग्रहालय झाली, शाळांच्या सहली आल्या. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झालं. दोन वर्षांनी साठ कोटींच्या आसपास किमतीला तिचा लिलाव झाला आणि दारुखान्यात तिचे तुकडे पडले. त्यातलं थोडं पोलाद वापरून बजाजने मोटारसायकल काढली. 'विराट'साठी तर राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरीही दिली होती. प्रत्यक्षात २०२० मध्ये विराट गुजरातला, अलंगच्या भंगार किनाऱ्यावर गेली. किंमत आली ३८.५४ कोटी.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की टी-८० चं नशीब उलगडतं. विमानवाहू नौका तरंगती ठेवायला धक्का लागतो, गाळ उपसावा लागतो, हजारो चौरस मीटर पोलाद रंगवावं लागतं. २५ मीटरची बोट क्रेनने उचलून चौथऱ्यावर ठेवता येते. एका महापालिकेच्या आवाक्यातलं हे काम आहे. छोटी असल्यामुळेच ती वाचली.

पण कल्याणच का?

इथे नौदलाने आणि स्मार्ट कल्याण-डोंबिवली डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने हात मिळवले ते इतिहासाच्या आधारावर. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं आणि इथेच, या खाडीत, स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात याचा मजेशीर पुरावा आहे. भिवंडी, कल्याण, पनवेल भागात महाराज लढाऊ जहाजं बांधून घेत होते आणि त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज होता. त्याच्या हाताखाली पोर्तुगीज वंशाचे तीनशेहून जास्त कारागीर! वसईच्या पोर्तुगीजांना हे परवडणारं नव्हतं. आपलीच माणसं शेजाऱ्याचं आरमार बांधतायत म्हटल्यावर त्यांनी सूत्रं हलवली आणि हे कारागीर काम सोडून गेले. आरमार मात्र उभं राहिलंच.

त्याही आधीचं बोलायचं तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. रेल्वे १८५४ मध्ये इथे पोचली आणि आपण हळूहळू खाडीकडे पाठ फिरवली. पाणी तेच आहे. वसईच्या खाडीतून आत शिरायचं, भाईंदर, घोडबंदर, गायमुख, कोलशेत करत दुर्गाडीपर्यंत यायचं. भरती-ओहोटी आजही इथवर पोचते.

मग ही बोट फेरी म्हणून चालवता आली नसती का?

सोशल मीडियावर अशा बातमीखाली ही कमेंट हमखास येते. 'शोपीस कशाला, ठाण्यापर्यंत प्रवासी न्या की!' टोमणा असला तरी प्रश्न चुकीचा नाही, कारण जगात नेमकं हेच झालेलं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा दोस्तराष्ट्रांकडे शेकडो छोट्या लाकडी गस्ती बोटी पडून होत्या. अमेरिकेने फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ आपल्या शंभरहून जास्त पीटी बोटी किनाऱ्यावर ओढून चक्क जाळून टाकल्या. परत न्यायचा खर्च परवडत नव्हता. उरलेल्या विकल्या गेल्या आणि त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. ब्रिटनच्या मोटर लाँच पर्यटकांना फिरवू लागल्या, काहींची तरंगती घरं झाली. ब्रिटिश नौदलासाठी १९४२ मध्ये सिएटलला बांधलेली एक लाकडी सुरुंगशोधक बोट माल्टा आणि गोझो बेटांमध्ये फेरी म्हणून धावली. पुढे १९५० मध्ये ती वर्षाला नाममात्र एक फ्रँक भाड्याने झाक कुस्तो या फ्रेंच सागर संशोधकाला मिळाली. तीच ती जगप्रसिद्ध 'कॅलिप्सो'.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट पीटी-३०५ ची. न्यू ऑर्लिन्सला बांधलेली, भूमध्य समुद्रात लढलेली. युद्धानंतर ती आधी न्यूयॉर्कमध्ये पर्यटक फिरवत होती, मग चेसापीकच्या उपसागरात कालवांच्या धंद्यात लागली. कालवं म्हणजे शिंपल्यातली, आपल्या कोळीवाड्यात खडकावरून खरवडतात ती. नियम असा होता की ६५ फुटांहून लांब बोटीला परवानाधारक कप्तान लागतो. मालकाने काय करावं? ७८ फुटी बोटीचा मागचा १३ फूट भाग सरळ कापून टाकला! नंतर न्यू ऑर्लिन्सच्या युद्ध संग्रहालयाने ती शोधून आणली, कापलेला भाग पुन्हा बांधला आणि ती परत पाण्यात उतरली.

यातला तांत्रिक भाग लक्षात घ्या. त्या बोटी लाकडी होत्या, गावातला सुतार दुरुस्त करू शकत होता. पेट्रोल पिणारी तीन राक्षसी इंजिनं काढून साधं डिझेल इंजिन बसवलं की झाली धंद्याची बोट. टी-८० चं तसं नाही. तिचं अंग अॅल्युमिनियमचं, आकार वेगासाठी घडवलेला, आत जागा दहा-बारा खलाशांपुरती. हळू चालवली तर तिचा उपयोग नाही, जोरात चालवली तर डिझेलचा खर्च परवडणार नाही. गर्दीच्या वेळी एक बारा डब्यांची लोकल चार-पाच हजार माणसं नेते, ही बोट एका वेळी एका तिसऱ्या सीटवरच्या भांडणाइतकीही माणसं नेणार नाही.

प्रवासी वाहतुकीची मागणी मात्र खरी आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग कागदावर 'राष्ट्रीय जलमार्ग ५३' आहे. त्यावर रोजची प्रवासी बोट हवी असेल तर ती रुंद, सपाट आणि कमी खर्चाची लागेल. जुनी युद्धनौका ते काम करू शकत नाही.

तिच्या बहिणी कुठे आहेत?

टी-८१ ही याच जातीची पुढची बोट. रामताच्या सहकार्याने गोवा शिपयार्डने बांधली. जून १९९९ मध्ये ती सेवेत आली तेव्हा समारंभाला गोव्याचे राज्यपाल लेफ्टनंट जनरल जेकब होते, १९७१ च्या ढाक्यातल्या शरणागतीशी ज्यांचं नाव जोडलंय तेच. ती २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि त्याच वर्षी केरळात आलप्पुळाच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचली. पोचली म्हणजे काय, कोचीहून पाण्याने तण्णीरमुक्कमला आणि तिथून ट्रेलरवर रस्त्याने. शहरातले अडथळे ओलांडायला बरेच दिवस गेले, शेवटी क्रेन लागली. रस्त्यावरून जाणारं जहाज बघायला लोकांनी गर्दी केली होती.

आपल्याला जवळचं उदाहरण कारवारचं. टागोर बीचवर 'आयएनएस चपल' ही क्षेपणास्त्र बोट २००६ पासून उभी आहे. गोव्याहून गोकर्णला जाताना अनेकांनी पाहिली असेल. तिच्याबद्दल एक फॉरवर्ड फिरतो की १९७१ मध्ये कराचीवर हल्ला केला तो हिनेच. हे चूक आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर. चपल त्यांच्याच घराण्यातली, पण सुधारित पिढीची, आणि ती नौदलात आली १९७६ मध्ये. बोट बघण्यासारखी आहेच, त्यासाठी खोटा पराक्रम चिकटवायची गरज नाही. टी-८० बद्दलही उद्या असे मेसेज येतील, तेव्हा १९९८ हे साल लक्षात ठेवा.

तिसरा मार्ग सिंधुदुर्गात आहे. 'आयएनएस गुलदार' हे रणगाडे उतरवणारं जहाज २०२४ मध्ये निवृत्त झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवलं गेलं, तेही बुडवण्यासाठी. निवतीच्या समुद्रात ते तळाला जाईल, त्यावर प्रवाळ आणि मासे वस्ती करतील आणि पर्यटक डुबकी मारून बघतील अशी योजना. जागा तीच, जिथे विराट यायची होती.

खरी अडचण आता सुरू होते

बोट आणणं हा सोपा भाग. स्मार्ट सिटी मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. पुढचा रंग, पुढचा सुरक्षारक्षक, पुढचं वीजबिल कुठल्या खात्यातून जाणार हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकल्पापुढे आहे. विक्रांत बुडाली नव्हती, देखभालीच्या खर्चात अडकली होती.

अॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण घरातल्या पातेल्यांवरून समजतो. पण खारट, दमट हवेत अॅल्युमिनियमला लोखंडी नट-बोल्ट चिकटून असेल तर जोडाच्या जागी अॅल्युमिनियमच आधी झिजतं. ओल्या सिमेंटशी थेट संपर्क आला तरी तेच. पावसाचं पाणी डेकवर साचून राहिलं तर आतून कुजायला सुरुवात होते आणि बाहेरचा राखाडी रंग मात्र छान दिसत राहतो.

म्हणून दुर्गाडीला गेलात तर फोटो काढाच, पण एक फोटो बोट चौथऱ्यावर जिथे टेकते त्या जागेचाही काढा. पांढरी भुकटी किंवा फुगलेला रंग दिसतोय का बघा. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथलाच पुन्हा एक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून महापालिकेला टॅग करा.