सुट्या भागांचा रस्ता

जव्हारच्या डोंगरातल्या जामसरहून मुंबईच्या ग्रँट रोडला जायचं तर प्रवासाची सुरुवात एसटीनंच होते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात रेल्वे आजही नाही. विक्रमगड-मनोरवरून पालघर गाठायचं किंवा कासामार्गे डहाणू. डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. त्याआधी शटलनं विरार, तिथे गाडी बदलायची आणि पुढे धीमी लोकल, कारण ग्रँट रोडला जलद गाडी थांबत नाही. जाऊन-येऊन अख्खा दिवस खर्ची पडतो. हा हिशेब सुरुवातीलाच मांडायला हवा, कारण ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, जोडून घेतलेल्या संगणकांचे भाग बहुतेक त्याच एका रस्त्यावरून येत राहिले. कुणी स्वतः जाऊन आणले, कुणी दुकानदाराकरवी मागवले.

पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बोलण्यात तो अजूनही लॅमिंग्टन रोडच आहे, १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा. जुन्या मुंबईकराला तो चित्रपटगृहांचा रस्ता म्हणून आठवतो. मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक, नाझ ही सगळी इथली. १९७५ मध्ये लागलेला ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षं चालला. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. याच रस्त्याच्या गाळ्यांत रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकानं होती, आणि संगणकाच्या बाजाराची मुळं त्या दुकानांत आहेत.

रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागायचा, तो काळ. तयार सेट महाग, त्यामुळे हौशी माणूस भाग आणून घरीच सेट जोडायचा. गँग कंडेन्सर, आयएफटी, स्पीकर, एसी १२८ किंवा बीसी १४८ ट्रान्झिस्टर अशी यादी चिठ्ठीवर लिहून लॅमिंग्टन रोड गाठायचा. गणपतीच्या मंडळांचे अॅम्प्लिफायरही असेच जोडले जात. काउंटरपलीकडच्या माणसाला प्रत्येक भागाचा जोडीदार पाठ असायचा. मागितलेला नंबर नसला तर कोणता चालेल, आणि तो लावला तर पुढचा कोणता बदलावा लागेल, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. गिऱ्हाईकही त्यातून शिकायचं. कशाला काय जुळतं हे ओळखण्याचं ज्ञान या रस्त्यानं संगणक येण्यापूर्वी काही दशकं जमवून ठेवलं होतं. पुढे तेच ज्ञान त्याचं भांडवल ठरलं.

संगणक सुट्या भागांत विकता येतो, ही गोष्ट मुळात ठरली अमेरिकेत. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला. बाजारात लवकर उतरायचं म्हणून त्यांनी बाहेरचे तयार भाग वापरले. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर घेतला, मायक्रोसॉफ्टची डॉस घेतली, आणि कार्ड बसवायच्या खाचांचा तपशील जगाला खुला ठेवला. आयबीएमचं स्वतःचं असं उरलं ते बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम. त्याचीही बरोबरी करणारं बायॉस कॉम्पॅकनं नव्यानं लिहून घेतलं आणि काही काळानं फीनिक्स कंपनी तसंच बायॉस कुणालाही विकू लागली. मग तैवानमधले कारखाने बोर्ड, कार्डं, कॅबिनेट बनवायला मोकळे झाले. आयबीएम मात्र तेव्हा भारतात नव्हती. परकीय भांडवलाच्या नियमांवरून ती १९७८ मध्येच इथून गेली होती. दार उघडलं ते नोव्हेंबर १९८४ मध्ये. राजीव गांधी सरकारच्या नव्या संगणक धोरणानं आयात शुल्क उतरवलं, परवान्यांची कटकट कमी केली. भाग आणून इथे जोडणं परवडू लागलं. १९९१ नंतर तो ओघ वाढला. १९९७ मध्ये भारतानं जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आलं.

लॅमिंग्टन रोडनं कूस बदलली ती याच वर्षांत. रेझिस्टरच्या खणांशेजारी रॅमच्या पट्ट्या आल्या. तळमजल्यावर किरकोळ विक्री, वरच्या मजल्यांवर वितरक, फूटपाथवर केबल आणि सीडी. ब्रँडेड संगणकाच्या तुलनेत असेंबल्ड संगणक बराच स्वस्त पडे, आणि मुख्य म्हणजे त्यात काय घालायचं ते गिऱ्हाईक ठरवी. तीन-चार दुकानांतून कोटेशन घ्यायचं, एकाचं दुसऱ्याला दाखवायचं. पक्कं बिल हवं तर भाव वेगळा, कारण विक्रीकर आणि मुंबईची जकात त्यात येई. बिलाशिवाय घेतलेल्या भागाची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दापुरती. रोज ये-जा करणाऱ्या गिरगावकराला तो शब्द पुरे होई. डोंगरातून आलेल्याला तो पुरत नसे.

तेव्हाचं जोडकामही धोक्याचं होतं. ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमच्या बोर्डांवर प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज जंपरच्या इवल्याशा टोप्या लावून ठरवावं लागे; जंपर चुकला तर प्रोसेसर जळू शकत असे. वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या शेजारी शेजारी बसवायच्या असत आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकत्र याव्या लागत. उलट्या बसवल्या की बोर्ड गेला. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्सचा आराखडा आणला, त्यात ही जोडणी एकच आणि एकाच बाजूनं बसणारी झाली. घरी बसून पहिला संगणक जोडण्याचं धाडस सामान्य मुलाच्या आवाक्यात आलं, त्यात या एका प्लॅस्टिकच्या तुकड्याचा वाटा फार मोठा आहे. त्याच आराखड्यानं बोर्डाच्या स्क्रूंच्या जागाही ठरवून दिल्या. आजचे एटीएक्स बोर्ड अजून त्याच जागा पाळतात.

खेळांसाठी भाग निवडणं मात्र आणखी उशिरा सुरू झालं. प्रिन्स ऑफ पर्शिया किंवा डेंजरस डेव्हला काहीही चालत असे. डिसेंबर १९९३ मध्ये डूम आला आणि प्रोसेसरचा वेग डोळ्यांना दिसू लागला. १९९६ मध्ये क्वेक आला, त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्डही आलं, आणि त्रिमितीय चित्र रेखाटण्याचं काम वेगळ्या कार्डाकडे सोपवता येतं हे हौशी लोकांना उमगलं. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए जगभर गाजला तो त्याच्या स्वस्ताईमुळे आणि लपलेल्या ताकदीमुळे. बोर्डावरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की पुष्कळदा तो ३०० च्या जागी ४५० मेगाहर्ट्झवर धावे. महाग भाग टाळून योग्य भाग शोधणाऱ्यांचा तो लाडका प्रोसेसर होता.

मराठी घरात संगणक यायचा तो ‘अभ्यासासाठी’. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, त्यांचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात पसरला, आणि संगणक हा नोकरीच्या वाटेवरचा टप्पा ठरला. पैसे वडिलांचे, कारण अभ्यासाचं, आणि मुलाच्या मनात रोड रॅश किंवा एज ऑफ एम्पायर्स. या तिघांत तडजोड घडवून आणली बोर्डावरच्या ग्राफिक्सनं. इंटेलच्या १९९९ च्या ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्सची सोय आतच होती, वेगळं कार्ड घ्यायची गरज नव्हती. दुकानदारानं असा बोर्ड सुचवला तर कोटेशन हलकं होई आणि वडील राजी.

त्यातली मेख कळायला मुलाला दोन-तीन वर्षं लागत. ८१० वर ग्राफिक्स कार्डासाठीची एजीपी खाचच नव्हती. पुढच्या ८४५ मालिकेतल्या जीएल आणि जीव्ही प्रकारांतही नव्हती. मे २००३ मध्ये व्हाइस सिटी हा खेळ संगणकावर आला. ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड ही त्याची किमान मागणी. रॅम वाढवता येई. कार्ड लावायला मात्र जागा नव्हती. बोर्ड बदलायचा म्हटलं की प्रोसेसर बदलायचा, कधी रॅमही. थोडे पैसे वाचवून घेतलेला बोर्ड अख्खा संगणक पुन्हा विकत घ्यायला लावायचा. त्या पिढीत भागांची निवड गांभीर्यानं शिकलेले अनेक जण या एका नसलेल्या खाचेपायी शिकले, असं म्हणायला हरकत नाही. ‘पुढे काय लावता येईल’ हा प्रश्न काउंटरवर पहिल्यांदा विचारला तो त्यांनी.

जो भाग कुणाच्याच नजरेत भरत नसे तो एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. कॅबिनेटसोबत फुकट मिळाल्यासारखा यायचा. वर वॅटचा आकडा ठळक छापलेला, आत मात्र तेवढी ताकद असेलच याची हमी नाही. ग्राफिक्स कार्डांची भूक वाढत गेली तसं हे उघडं पडलं. पीसीआय एक्सप्रेसची खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते; त्याहून अधिक लागलं तर सहा पिनांच्या वेगळ्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. स्वस्त एसएमपीएसला हा भार झेपत नसे, आणि तो जाताना कधी बोर्डालाही घेऊन जाई. कार्यक्षमता तपासून दर्जा देणारी ८० प्लस योजना अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात त्याच सुमाराला भारनियमनाची वर्षं होती. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जिथे लांबून आलेल्या तारांतून वीज कमी-जास्त दाबानं येते आणि पावसाळ्यात जाते, तिथे चांगला एसएमपीएस आणि यूपीएस ही चैन नव्हतीच. ग्राफिक्स कार्डातले पैसे कमी करून ते इकडे वळवणं हाच शहाणपणाचा हिशेब होता आणि आजही आहे. फ्रेम थोड्या कमी पडल्या तरी खेळ चालतो. जळलेला बोर्ड बदलायला मात्र दिवस मोडून ग्रँट रोड गाठावं लागतं.

काही वेळा दोष भागाच्या पोटातच असे. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभरच्या बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले. वर्ष-दोन वर्षांत त्यांची टोकं फुगत, तपकिरी द्रव गळे आणि संगणक मधेच बंद पडे. बोर्डाचे निर्माते हात वर करत तेव्हा रेडिओवर हात बसलेले दुरुस्तीवाले कामाला आले. नवे कपॅसिटर डाग देऊन बसवायचे आणि बोर्ड पुन्हा उभा करायचा.

या रस्त्यावरचा भाव मुंबईत ठरत नाही, हेही गिऱ्हाइकाला लवकर समजे. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या सुमितोमोच्या कारखान्याला आग लागली. चिप बंद करण्याचं रेझिन तिथे बनत असल्यानं जगभर रॅम कडाडली. सप्टेंबर १९९९ च्या तैवानच्या भूकंपानं पुन्हा तेच केलं. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कच्या किमती काही आठवड्यांत झेपावल्या. २०१७-१८ आणि २०२०-२१ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली, खेळणाऱ्यांना ती मिळेनात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की रॅम पुन्हा महागली आणि मायक्रॉननं ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं.

बाजाराची काळी बाजूही खरी आहे. नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरचे आकडे खोडून वरचा वेग छापणाऱ्या टोळ्या जगभर होत्या. तो उद्योग मोडायला इंटेलनं प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक कुलूपबंद केला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत दिल्लीच्या नेहरू प्लेस आणि चेन्नईच्या रिची स्ट्रीटबरोबर लॅमिंग्टन रोडचंही नाव आलं. नकली माल आणि चोरीचं सॉफ्टवेअर इथे विकलं गेलं, हे नाकारता येणार नाही. पण या रस्त्याची ओळख तेवढ्यावर संपवणं अन्यायाचं आहे. ज्यांना ब्रँडेड यंत्र कधीच परवडलं नसतं अशा हजारो घरांत संगणक पोचला तो इथल्या कोटेशनच्या चिठ्ठीवरून.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, आणि बिलासह-बिलाशिवाय या जुन्या भावफरकाचा आधार बराच ढासळला. ऑनलाइन विक्री वाढली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांनीही आपले भाग संकेतस्थळांवर मांडले. त्याच वर्षी एएमडीनं एएम४ सॉकेटवर रायझन आणला. त्या सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघाले. जुन्या बोर्डांपैकी अनेकांना बायॉस अद्ययावत करून पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालतो. ८१० वरच्या नसलेल्या खाचेनं पोळलेल्या पिढीला याचं मोल नेमकं कळतं.

आता ग्राफिक्स कार्ड कुरिअरनं मागवता येतं. बिघडलं तर मात्र ते शहरातल्या सर्व्हिस सेंटरलाच परत जावं लागतं. म्हणून जामसरसारख्या ठिकाणी पहिला गेमिंग संगणक जोडताना कोटेशनमध्ये किमतीच्या शेजारी वॉरंटीचा रकाना हवा. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड यांना साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षं, आणि वॉरंटीसाठी भाग कुठे पाठवायचा ते गाव. बोर्ड आणि कार्डाची खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावीत, बिलासकट. त्याच खोक्यातून भाग पुन्हा कुरिअरनं शहराकडे धाडायचा असतो.