तीनदां आखलेलें विमान

भूमितीच्या तासाला आकृति चुकली म्हणजे आमच्या वर्गांतलीं मुलें ती खोडावयास नाखूष असत. केलेले श्रम फुकट जावे हें कोणास रुचतें? आज ज्या विमानाची हकीकत मी सांगणार आहें, त्याची आकृति तीन वेळां आखली गेली, आणि तीही तिजोरींत खडखडाट असलेल्या कारखान्यांत.

हा कारखाना ब्राझील देशांत साओ जोसे दोस काम्पोस या शहरीं आहे. १९०६ सालीं पॅरिस येथें विमान उडविणारे सांतोस-द्युमाँ हे ब्राझीलचेच पुत्र. परंतु विमानविद्या शिकविणारें विद्यालय या शहरीं उभें राहण्यास १९५० साल उजाडावें लागलें. आधीं विद्यालय व मग कारखाना, हा क्रम मला शिक्षक या नात्यानें मोठा समाधानाचा वाटतो. त्या विद्यालयांत शिकलेले वायुदलाचे अधिकारी ओझिरेस सिल्वा व त्यांचे सहकारी यांनीं बांदेइरांते नांवाचें प्रोपेलरचें छोटें विमान तयार केलें. तें १९६८ सालीं प्रथम उडालें, आणि तशीं विमानें बांधण्यासाठीं सरकारनें १९ ऑगस्ट १९६९ रोजीं एम्ब्राएर ही कंपनी स्थापिली. पुढें १९८३ सालीं ३० आसनांचें ब्राझिलिया हें विमान उडालें, तेंही प्रोपेलरचेंच.

१९८९ सालीं पॅरिसच्या विमानप्रदर्शनांत कंपनीनें जाहीर केलें कीं, याच ब्राझिलियाचें धड लांबवावयाचें, त्यास जेट इंजिनें बसवावयाचीं, आणि पाऊणशें टक्के भाग जुनेच ठेवून ४५ ते ४८ उतारूंचें विमान स्वस्तांत करावयाचें. युक्ति काटकसरी गृहिणीची होती. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तशी. या पहिल्या आकृतींत पंख सरळ होते व इंजिनें पंखांच्या वर पुढें बसविलीं होतीं. बोगद्यांत वाऱ्याचा झोत सोडून नमुन्याची कसोटी घेतली, तेव्हां ही रचना टिकेना. १९९० सालीं दुसरी आकृति निघाली. पंख मागें झुकविले, इंजिनें त्यांच्याखालीं टांगलीं. वाऱ्याचा विरोध घटला खरा; पण इंजिनें जमिनीस लागूं नयेत म्हणून चाकांचे पाय उंच करावे लागले, पंख अधिक बळकट करावे लागले, आणि वजन वाढलें. अखेर १९९१ च्या ऑक्टोबरांत इंजिनें धडाच्या दोन्ही अंगांस शेपटीजवळ गेलीं. एवढ्या उलथापालथींत एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ती म्हणजे ब्राझिलियाची अरुंद नळी. मधल्या वाटेच्या एका बाजूस एक आसन, दुसऱ्या बाजूस दोन.

आणि हें सर्व चाललें असतां घर बुडत होतें. अर्जेंटिनाच्या भागीदारींत केलेलें १९ आसनांचें सीबीए १२३ हें विमान १९९० सालीं उडालें, परंतु त्याची किंमत अशी कीं गिऱ्हाईक उभें राहीना. दोन नमुन्यांवर काम थांबलें. सरकारपाशीं पैसा उरला नव्हता. १९९० सालीं कारखान्यांत सुमारें १२,००० माणसें होतीं. चार वर्षांत ती संख्या निम्म्यावर आली. पंखाचा पत्रा ठोकण्यांत हात मुरलेल्या कारागिरानें त्या शहरीं दुसरें कोणतें काम शोधावें? मागें राहिलेल्यांनीं ती तिसरी आकृति पुरी केली. ७ डिसेंबर १९९४ रोजीं कंपनी लिलावांत खाजगी भांडवलदारांच्या हातीं गेली. पुढील यशाचें सर्व श्रेय कित्येक लेखक या लिलावास देतात. मला तें पटत नाहीं. विद्यालय, ती नळी आणि ते हात सरकारी पैशानेंच तयार झाले होते.

पैशाची अडचण भागविण्यासाठीं स्पेनच्या कंपनीनें पंख, बेल्जियमच्या कंपनीनें धडाचे भाग व चिलीच्या कंपनीनें शेपटी स्वतःच्या जोखमीवर करून द्यावी, असा करार झाला होता. ११ ऑगस्ट १९९५ रोजीं ५० आसनांचें हें ईआरजे १४५ उडालें. कॅनडाचें तसेंच विमान १९९२ पासूनच उतारू नेत होतें, म्हणजे उशीर झालाच होता. परंतु ब्राझीलचें विमान हलकें व स्वस्त होतें. १९९६ सालीं अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल एक्सप्रेसनें २५ विमानें मागविलीं आणि आणखी १७५ घेण्याचा हक्क राखून ठेवला.

मग कुटुंब वाढलें. १९९८ सालीं ३७ आसनांचें १३५ उडालें, २००० सालीं ४४ आसनांचें १४०. हीं भावंडें आंखूड कां, याचें उत्तर गमतीचें आहे. अमेरिकेंतील बड्या कंपन्यांच्या वैमानिकांनीं आपल्या करारांत अट घातली होती कीं, कमी वेतनावर चालणाऱ्या जोडकंपन्यांनीं ठराविक आसनांहून मोठीं विमानें मोजकींच वापरावीं. तेव्हां ४४ हा आंकडा वायुशास्त्रांतून नव्हे, करारपत्रांतून निघाला! पुढें तेल महागलें आणि ५० आसनांचा हिशेब जुळेनासा झाला. पण तोंपर्यंत, २००२ सालीं, कंपनीचें दोन-दोन आसनांच्या रांगांचें मोठें १७० उडालें होतें.

त्या अरुंद नळीचा आपल्याशींही संबंध आला. आपल्या वायुदलाचें नेत्र हें टेहळणीचें विमान १४५ च्याच धडावर रडार चढवून केलेलें असून तें २०१७ सालीं वायुदलाच्या स्वाधीन झालें. आणि जानेवारी २०१९ मध्यें कोल्हापूरकडील घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरनें आपली उतारूंची वाहतूक सुरू केली, तीही याच १४५ वर.