पाटाचं तोंड

आमच्याकडे पाऊस संपला की पहिली चौकशी पाटाची व्हायची. पीकपाण्याची नंतर. पांझरेच्या काठचं गाव आमचं, साक्री तालुक्यातलं. सह्याद्रीतून निघालेली ही नदी पुढे तापीला मिळेपर्यंत ठिकठिकाणी बंधाऱ्यांवर अडते, थोडं पाणी पाटात देते आणि उरलेलं पुढच्या गावाला नेते. पिंपळनेर, सामोडे, खाली धुळ्यापर्यंत हीच रीत. कान, मोसम, आरम या नद्यांवरही तीच. हे बंधारे तीनशे वर्षांहून जुने आहेत असं म्हणतात. कुणी बांधले यावर मात्र गावोगाव वेगळी कथा ऐकायला मिळते.

बंधारा म्हणजे काही धरण नव्हे. नदीत काळा खडक जिथे उघडा पडलाय, तिथे त्या खडकावरच चुन्यात बसवलेली दगडी भिंत. पाणी साठवायचं नाही, फक्त चढवायचं आणि कडेच्या पाटात वळवायचं. पुराचं पाणी भिंतीवरून खुशाल जातं. पाटातलं जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीला. पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली, आमच्याकडे चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. एकात ऊस, एकात गहू, असं फिरवत न्यायचं. आणि खरी गोम अशी की प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं तर पंच एखादा फड कोरडा ठेवायचे. तोटा सगळ्यांनाच, पण कुणाचीच चूल विझत नसे.

हे झालं पुस्तकातलं. आमच्या आबांनी दोन आत्यांच्या लग्नांत वरच्या तीन फडांतले तुकडे विकले होते. उरला होता तो शेवटच्या, शेपटाच्या फडातला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षं आधी पोळ्यानंतर मोठा पूर आला. रात्रभर नदी गरजत होती. सकाळी पाहिलं तर बंधाऱ्याच्या डाव्या कडेला बैलगाडी जाईल एवढं खिंडार. पाटाचं तोंड गोटे-वाळूनं बुजलेलं. नदी खिंडारातून निवांत चालली होती, जणू तिला पाटाची वाट कधी ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर पंच बसले. चुन्याचं काम उन्हाळ्याशिवाय होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण ऊस उभा होता आणि दिवाळीनंतर गहू पेरायचा होता. तेव्हा आधी खिंडारात कच्चा बांध घालायचा, पाटाचं तोंड मोकळं करायचं. कच्चा बांध झिरपणार, म्हणजे पाटाला पाणी कमी. मग एक फड सोडावा लागेल. कुठला, हे कुणी बोलेना. शेवटी पाटकरी बोलला. पाणी कमी असताना पाट लांबवर ओला ठेवण्यातच ते मुरून जातं. सोडायचा तर शेपटाचाच. हिशेबानं त्याचं बरोबर होतं. आबा काही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

मजुरी जमिनीच्या वाट्यावर लागायची. दुसऱ्या दिवशी पाटकरी स्वतः घरी आला.

"आबा, तुम्हना फडले पाणी भेटनार नही. कामले नही उनात तरी कोनी बोलनार नही."

आबा फावड्याचा दांडा ठोकत होते. म्हणाले, "बंधारा काय एक वरीसना शे का?"

आजी आतून भांडी आपटत होती. तिचं म्हणणं सरळ होतं, ज्याला पाणी मिळणार त्यानं दगड वाहावेत. मला आजही ते चूक वाटत नाही.

बाभळीचे खुंट खडकाच्या फटींत ठोकले, त्यांच्यात निरगुडीच्या फांद्या विणल्या, मागे दगड, दगडांवर गवत आणि चिकणमाती. दोनदा बांध फुटला. तिसऱ्यांदा पाटकऱ्यानं बांध सरळ न घालता वरच्या अंगाला तिरपा घ्यायला लावला, म्हणजे धार अंगावर न घेता बाजूला सरकवता येते. तो टिकला. आम्ही पोरं पाटातून पाण्याच्या पुढे पळत होतो. सुकल्या पाटात पाणी येताना आधी फेस येतो, काडीकचरा येतो, मग किडे पळतात, मग पाणी. "पाणी उनं रे!" असं ओरडत आम्ही तिसऱ्या फडापर्यंत गेलो. तिथे पाटकऱ्यानं दगड-मातीनं पाट बंद केला होता.

त्या वर्षी आमच्यात गहू नव्हता. आबा दुसऱ्यांच्या उसात कामाला गेले. वैशाखात वडार आले, घाणीला बैल जुंपून चुना दळला गेला आणि खिंडार पक्कं झालं. तेव्हाही आबा होते. सुगीला पाटकरी, हवालदार, जागल्या यांना खळ्यावरून धान्य द्यायची रीत होती. आमच्या खळ्यात काहीच नव्हतं. पाटकरी आला, पाणी प्याला, बसला, गेला. पुढच्या साली आबांनी त्याच्यापुढे दोन वर्षांचा वाटा टाकला. त्यानं मोजून घेतला. 'राहू द्या' म्हटला नाही, याचं आजीला मरेपर्यंत वाईट वाटत होतं. आबांना नाही.

पुढे वर लाटीपाड्याचं धरण झालं, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याला रात्री बारा वाजता स्वतःचं पाणी मिळतं, तो पारावर कशाला येईल? एका फडात ऊस, कांदा, मका शेजारी शेजारी दिसू लागले. शेवटच्या पाटकऱ्याचा मुलगा सुरतेला गिरणीत गेला.

मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. बंधाऱ्याची भिंत उभी आहे. डाव्या कडेचा जोड अजून ओळखू येतो, तिथले दगड लहान आहेत आणि चुना जरा पांढरा. पाटाच्या तोंडात वेडी बाभूळ माजली होती. चुलतभावाला म्हटलं, एक दिवस लावून काढू या का? तो म्हणाला, काढू, पण पाणी कुठल्या फडाला द्यायचं ते आधी ठरव.