हिमप्रदेशातील चित्रकार मिशनरी

मिशनरी म्हटला की उपदेश करणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु उपदेशापूर्वी माणसे डोळे भरून पाहावी लागतात, हा धडा बर्न विल ब्राउन यांच्या चरित्रावरून आम्हांस मिळतो.

ब्राउन यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. निष्कलंक मारियेच्या ओब्लेट संघाचे धर्मगुरु होऊन ते १९४८ साली कॅनडाच्या वायव्य मुलखात गेले. तेथे हिवाळ्यातील प्रवास कुत्र्यांच्या घसरगाडीने होई. पुढे ते स्वतः विमानही चालवू लागले. १९६२ साली ते ध्रुववृत्तापलीकडील कोलव्हिल सरोवराच्या काठी जाऊन राहिले. तेथील डेने लोकांकरिता त्यांनी लाकडी ओंडक्यांचे मंदिर उभारून ते हिमस्वामिनी पवित्र मारियेच्या नावे अर्पण केले.

मासे व कॅरिबू हरणे यांवर जगणाऱ्या या लोकांचा संसार ब्राउन यांनी कुंचल्याने रेखाटिला आणि छायाचित्रांतही टिपिला. पुढे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या आल्या व कुत्र्यांच्या घसरगाड्या मागे पडत गेल्या. त्यामुळे ही चित्रे त्या काळाची साक्ष होऊन राहिली आहेत.

या साक्षीचे मोल थोर आहे. कारण त्याच देशात मिशनऱ्यांनी चालविलेल्या वसतिशाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांची भाषा व चालीरीती हिरावल्या गेल्या. त्याबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली कॅनडात जाऊन क्षमा मागितली. परक्याला आपल्या साच्यात घालणे निराळे आणि तो जसा आहे तसा आदराने पाहणे निराळे.

१९७१ साली रोमच्या अनुज्ञेने धर्मगुरुपद सोडून ब्राउन यांनी मार्गारेट स्टीन यांच्याशी विवाह केला. हे वाचून कित्येक वाचकांस संकोच वाटेल. आम्हीही त्याच व्रताने बांधलेले आहोत व ते हलके लेखीत नाही. तथापि त्यांनी पद सोडिले, गाव सोडिले नाही. ते तेथेच राहिले, चित्रे काढीत राहिले. २०१४ साली त्यांचा अंत झाला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या वर्षी आपण मंदिराच्या भिंतींचा इतिहास आवडीने लिहितो. त्या भिंतींच्या सावलीत ज्यांनी शेत कसले, जाळी विणली, भाकरी भाजल्या, त्या वडीलधाऱ्यांचे दैनंदिन जीवन कोण टिपून ठेवणार? ते अद्याप आपल्या ओटीवर बसलेले आहेत, तोवरच हे काम हाती घेऊ या.