मतपेटीच्या आधीचे दार : अमेरिकेतील ‘गोऱ्यांची प्रायमरी’

(धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.)

१/ २६ जुलै १९२४. टेक्सास राज्याच्या पार पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर वसलेले एल पासो हे शहर. डॉ. लॉरेन्स निक्सन हे तेथील एक कृष्णवर्णीय वैद्य. त्या दिवशी ते मतदान कर भरल्याची पावती घेऊन मतदान केंद्रावर गेले. केंद्रावरचे अधिकारी त्यांच्या ओळखीचेच होते. त्यांनी प्रकृतीची विचारपूस केली आणि मग सांगितले की, आम्ही आपल्याला मत देऊ देऊ शकत नाही. डॉक्टरांनी उत्तर दिले, असे सांगतात : ते मला ठाऊक आहे, पण प्रयत्न करणे मला भाग आहे.

२/ ही निवडणूक विधिमंडळाची वा संसदेची नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरविण्याची ती निवडणूक होती. अमेरिकेत तिला ‘प्रायमरी’ म्हणतात. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला काहीशी परकी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे प्रायमरीचा प्रसार झाला तो सुधारणा म्हणून. पुढाऱ्यांनी बंद खोलीत बसून उमेदवार ठरवू नयेत, सामान्य मतदारांनी ते निवडावेत, हा तिचा गाजावाजा झालेला हेतू.

३/ दक्षिणेत या सुधारणेला निराळेच वळण लागले. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वंशाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे तिने बजावले. परंतु १८७७ नंतर केंद्र सरकारने दक्षिणेतून हात काढून घेतला आणि तेथे हळूहळू एकाच पक्षाचे, डेमोक्रॅटांचे, राज्य सुरू झाले. उन्हाळ्यातील प्रायमरी जो जिंकेल तो नोव्हेंबरात निवडून येणार, हे गृहीतच असे. तेव्हा नोव्हेंबरचे मत एखाद्या कृष्णवर्णीयाला देऊ दिले तरी बिघडत नव्हते. ज्या मताने खरोखर काही ठरत होते ते जुलैचे, आणि जुलैचे दार बंद होते.

४/ या बंद दाराआड प्रचार कसा चाले, ते पाहण्यासारखे आहे. १९०६ साली जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपदासाठी दोन डेमोक्रॅट एकमेकांसमोर उभे राहिले. होक स्मिथ हे ‘अटलांटा जर्नल’चे पूर्वीचे मालक, तर क्लार्क हॉवेल हे ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’चे संपादक. स्मिथ यांनी वचन दिले : राज्यघटनेत दुरुस्ती करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेईन. हॉवेल यांचा प्रतिवाद असा नव्हता की हा अन्याय आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, याची गरज काय? मतदान कर आणि गोऱ्यांची प्रायमरी यांनी ते काम आधीच केलेले आहे. शिक्षणाची अट घातली तर उगाच गरीब गोरेही बाद होतील.

५/ ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांच्यापैकी कोणालाही त्या प्रायमरीत मत नव्हते. त्यामुळे त्यांच्याविषयी काहीही बोलल्याने एकही मत कमी होणार नव्हते, आणि जहाल बोलल्याने वाढण्याची शक्यता होती. महिनोन् महिने वृत्तपत्रांतून कृष्णवर्णीयांच्या कथित अत्याचारांच्या भडक बातम्या येत राहिल्या. २२ ऑगस्टला स्मिथ जिंकले. बरोबर एका महिन्याने, २२ सप्टेंबरच्या रात्री, अटलांटाच्या रस्त्यांवर गोऱ्यांच्या झुंडी उतरल्या आणि पुढल्या काही दिवसांत किमान दोन डझन कृष्णवर्णीय मारले गेले. दंगलीला इतरही कारणे होती, हे खरे; पण प्रचाराने पेटवलेली हवा त्यांतून वगळता येत नाही. १९०८ मध्ये स्मिथ यांनी दुरुस्तीचे वचनही पाळले.

६/ आता पुन्हा टेक्सासकडे. तेथे बहुतेक ठिकाणी हा निर्बंध पक्षाच्या प्रथेने चाले, तर कोठे कोठे एखादा स्थानिक पुढारी सोयीपुरती कृष्णवर्णीयांची मते घेतही असे. १९२३ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला : डेमोक्रॅटिक प्रायमरीत कोणाही कृष्णवर्णीयास भाग घेता येणार नाही. इतक्या उघड शब्दांत लिहिलेला कायदा ही विरोधकांच्या दृष्टीने पर्वणीच होती. निक्सन यांनी पाच हजार डॉलरांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला आणि एनएएसीपी ही नागरी हक्कांसाठी झटणारी संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

७/ मार्च १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निक्सन यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र छोटेसेच, लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. याच होम्स यांनी १९०३ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीय मतदारांना ‘यात न्यायालय काही करू शकत नाही’ असे सांगून परत पाठवले होते. या खेपेस मात्र त्यांना चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग इतका ढळढळीत दिसला की पंधराव्या दुरुस्तीचा विचार करण्याचीही गरज वाटली नाही.

८/ पण चौदावी दुरुस्ती बांधते ती राज्याला. खासगी व्यक्तीला वा मंडळाला नाही. टेक्सासचे पुढील सारे डावपेच या एका भेदावर उभे आहेत. विधिमंडळाने जुना कायदा रद्द केला आणि नवा केला : प्रायमरीत मत कोणी द्यावे, हे पक्षाची कार्यकारी समिती ठरवील. समितीने अर्थातच ‘फक्त गोऱ्यांनी’ असे ठरवले. १९२८ मध्ये निक्सन पुन्हा मतदानाला गेले, पुन्हा परत पाठवले गेले, पुन्हा दावा लावला. मे १९३२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते पुन्हा जिंकले. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिले की, समितीला हा अधिकार राज्याच्या कायद्याने दिलेला आहे, म्हणून ही राज्याचीच कृती ठरते.

९/ निकालानंतर तीनच आठवड्यांनी ह्यूस्टन येथे पक्षाचे राज्य अधिवेशन भरले आणि त्याने स्वतःहून ठराव केला की सभासदत्व गोऱ्यांपुरते राहील. आता कायदा नाही, समिती नाही. निव्वळ पक्षाची ‘स्वेच्छा’.

१०/ येथे एक आठवण नोंदवावीशी वाटते. याच वर्षी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, येरवड्यात पुणे करार झाला. त्यातही ‘प्राथमिक निवडणूक’ आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना आठवत नाही. राखीव जागेसाठी आधी केवळ दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून एक सर्व मतदारांनी निवडायचा. म्हणजे रचना टेक्सासच्या उलट : तेथे वंचितांना पहिल्या फेरीत मज्जाव, येथे पहिली फेरी त्यांचीच. तरीही शेवटचा शब्द येथेही बहुसंख्याकांचा राहिला, कारण या पद्धतीत निर्णय दुसऱ्या फेरीत होत होता. डॉ. आंबेडकरांना ही उणीव पुरती ठाऊक होती. दोन फेऱ्यांची निवडणूक असली की ‘मताधिकार आहे का’ एवढे विचारून भागत नाही. निर्णय कोणत्या फेरीत होतो, तेही विचारावे लागते.

११/ ह्यूस्टनचे एक केशकर्तनकार, आर. आर. ग्रोव्ही, यांनी १९३४ च्या प्रायमरीसाठी टपाली मतपत्रिका मागितली. काउंटीच्या कारकुनाने ती नाकारली. ग्रोव्ही यांनी दावा लावला तो फक्त दहा डॉलरांचा, आणि तो मुद्दाम. इतक्या किरकोळ रकमेच्या दाव्यावर राज्यात अपील नव्हते, त्यामुळे खालच्या न्यायालयातून थेट वॉशिंग्टन गाठता येत होते. हे डोके ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वकिलांचे. निक्सन यांचे खटले एनएएसीपीने गोऱ्या वकिलांकडून चालवले, याची त्यांना बोच होती.

१२/ युक्ती उत्तम, निकाल भयंकर. १ एप्रिल १९३५ रोजी न्यायालयाने एकमताने ग्रोव्हींच्या विरुद्ध कौल दिला. पक्ष ही स्वेच्छेने बनलेली संघटना आहे. कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न. त्यात राज्याचा हात नाही. वास्तविक मोठ्या पक्षांनी प्रायमरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती टेक्सासच्याच कायद्याने केली होती. ती केव्हा आणि कशी घ्यावी, याचे नियमही राज्याचेच होते. मंडळ खासगी म्हणावे तर त्याच्या नियमांची पोथी सरकारने लिहिलेली! एकमताने दिलेल्या निकालांत याइतके तकलादू निकाल थोडेच असतील.

१३/ कोंडी फुटली ती एका वेगळ्याच प्रकरणाने. लुइझियानात काही निवडणूक अधिकाऱ्यांनी प्रायमरीच्या मतमोजणीत लबाडी केली. वंशाचा तेथे संबंधच नव्हता. १९४१ मध्ये त्यावर निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, जेथे प्रायमरी हा निवड प्रक्रियेचाच अविभाज्य भाग आहे, तेथे तिच्यातील मतालाही घटनेचे संरक्षण आहे. दरम्यान अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेल्या न्यायाधीशांमुळे न्यायालयाची घडणही बदलली होती.

१४/ एनएएसीपीचे तरुण वकील थर्गूड मार्शल यांनी यातील फट अचूक हेरली. या वेळचे वादी ह्यूस्टनचे दंतवैद्य डॉ. लॉनी स्मिथ. त्यांना १९४० च्या प्रायमरीत मत नाकारण्यात आले होते. ३ एप्रिल १९४४ रोजी ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ या खटल्याचा निकाल लागला : आठ विरुद्ध एक. नऊच वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल न्यायालयाने मोडीत काढला. विरोधात राहिले ते त्या जुन्या निकालाचे लेखक न्यायमूर्ती रॉबर्ट्स. त्यांनी चिडून लिहिले की, अशाने या न्यायालयाचे निकाल त्याच दिवशी, त्याच गाडीला चालणाऱ्या रेल्वे तिकिटासारखे होतील.

१५/ पडद्यामागची एक गोष्ट. हा निकाल लिहिण्याचे काम प्रथम न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याकडे दिले होते. तेव्हा न्यायमूर्ती जॅक्सन यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून सुचवले की, व्हिएन्नात जन्मलेल्या, न्यू इंग्लंडमध्ये राहिलेल्या एका ज्यू न्यायाधीशाच्या सहीने हा निकाल गेला तर दक्षिणेचा संताप दुप्पट होईल. काम केंटकीच्या स्टॅनली रीड यांच्याकडे गेले. वंशभेद मोडणारा निकाल कोणाच्या हातून बाहेर पडावा, हेही वंश आणि धर्म पाहून ठरले.

१६/ २२ जुलै १९४४ रोजी डॉ. निक्सन यांनी एल पासोत प्रायमरीत मत दिले. पहिल्या प्रयत्नाला वीस वर्षे होत आली होती.

१७/ दक्षिण कॅरोलायना मात्र बधले नाही. निकालानंतर काही दिवसांतच गव्हर्नर ओलिन जॉन्स्टन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि प्रायमरीचा उल्लेख असलेले जवळपास दीडशे कायदे एका फटक्यात रद्द केले. कायदाच उरला नाही, म्हणजे राज्याचा संबंधही उरला नाही, असा हिशेब. कोलंबिया शहरातले जॉर्ज एल्मोर नावाचे एक कृष्णवर्णीय दुकानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९४७ मध्ये न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि दक्षिण कॅरोलायनाने आता पुन्हा अमेरिकेत सामील व्हावे, अशा अर्थाचा टोला हाणला. ऑगस्ट १९४८ मध्ये राज्यातील सुमारे पस्तीस हजार कृष्णवर्णीयांनी प्रायमरीत मतदान केले.

१८/ एल्मोर यांना याची किंमत मोजावी लागली. व्यापाऱ्यांनी माल देणे थांबवले, कर्जे परत मागितली गेली, घरासमोर क्रूस जाळण्यात आला. दुकानही गेले, घरही गेले. वेअरिंग हे चार्ल्स्टनच्या जुन्या, खानदानी घराण्यातले. शहराने त्यांना वाळीत टाकले. १९५२ मध्ये ते निवृत्त होऊन न्यूयॉर्कला निघून गेले. मार्शल यांचे नाव पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; खटल्याच्या शीर्षकात ज्यांची नावे राहतात त्यांचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

१९/ मिसिसिपीत तर कायद्याचा आडपडदाही नव्हता. १९४६ च्या प्रायमरीत सिनेटर थिओडोर बिल्बो जाहीर सभांतून सांगत होते की, कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्यासाठी गोऱ्यांनी वाटेल तो मार्ग वापरावा. मतदानाच्या दिवशी, २ जुलैला, मेडगर एव्हर्स एकवीस वर्षांचे झाले. महायुद्धात फ्रान्समध्ये सेवा करून परतलेला हा तरुण भाऊ आणि मित्रांसह डेकॅटर येथे मत द्यायला गेला, आणि शस्त्रधारी जमावाने त्यांना मागे फिरवले. बिल्बो जिंकले. सिनेटने चौकशी लावली, जानेवारी १९४७ मध्ये त्यांची शपथ अडवून धरली आणि त्याच वर्षी ते वारले.

२०/ तरीही आकडे हलले. १९४० मध्ये दक्षिणेतील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी सुमारे तीन टक्के मतदार म्हणून नोंदलेले होते. १९४७ पर्यंत हे प्रमाण अंदाजे बारा टक्क्यांवर गेले, १९५२ पर्यंत वीस टक्क्यांवर. मतदान कर, साक्षरतेच्या परीक्षा, धाकदपटशा हे सारे शिल्लकच होते. त्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

२१/ राहता राहिली फोर्ट बेंड काउंटी, ह्यूस्टनच्या शेजारचा उसाचा मुलूख. येथे १८८९ पासून ‘जेबर्ड डेमोक्रॅटिक असोसिएशन’ नावाचे मंडळ होते. काउंटीतील प्रत्येक गोरा मतदार आपोआप त्याचा सभासद. हे मंडळ पक्षाच्या प्रायमरीच्याही आधी, मे महिन्यात, स्वतःचे मतदान घेई. त्यात जिंकलेला उमेदवार जुलैच्या प्रायमरीत उभा राही आणि बहुधा बिनविरोध जिंके, नोव्हेंबरातही तेच. १९४४ नंतर कृष्णवर्णीयांना जुलैत मत मिळाले, नोव्हेंबरात मिळाले. मे महिना गोऱ्यांकडेच राहिला.

२२/ मंडळाचा बचाव ओळखीचा होता : आम्ही पक्ष नाही, आमचा राज्याशी संबंध नाही, आम्ही एक खासगी मंडळी आहोत. मे १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला. त्या आठ जणांचे मात्र कारणांवर एकमत झाले नाही. त्यांनी तीन वेगवेगळी मतपत्रे लिहिली. त्यांपैकी ह्यूगो ब्लॅक यांनी, जे स्वतः अलाबामाचे आणि तरुणपणी कू क्लक्स क्लॅनचे सभासद राहिलेले, असे नमूद केले की, या काउंटीत कोण राज्य करणार हे मे महिन्यातच ठरते. पुढच्या दोन्ही निवडणुका केवळ त्या निवडीवर शिक्का मारतात.