नक्कल आणि उमज

गुरूचे किंवा पूर्वसूरींचे स्मरण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न स्मृतिव्याख्यानाच्या प्रसंगी मनात आल्यावाचून राहत नाही. संगीताच्या इतिहासात या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर आज आपणांपुढे ठेवावे, असे मी योजिले आहे. हे उत्तर येथून जवळच असलेल्या देवासला घडले. १९६५ च्या सुमारास पंडित कुमार गंधर्व यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. ज्या गाण्यांनी आपल्याला घडविले त्यांचे ऋण एका स्वतंत्र वृत्तीच्या गायकाने त्यात जाहीरपणे मान्य केले.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे, कानडी घरात झाला. नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखविणारा बालगायक म्हणून त्यांची कीर्ती पसरली. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. देवधर मास्तरांनी स्वतः अनेक घराण्यांच्या विद्येचा अभ्यास केला होता. त्यामुळे शिष्याचे कान एकाच वाटेला बांधले गेले नाहीत.

ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले. पुढील काही वर्षे गाणे बंद झाले, ऐकणे मात्र थांबले नाही. माळव्यातील स्त्रियांची गीते आणि शीलनाथ महाराजांच्या धुनीच्या परिसरातील नाथपंथी निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत राहिली. त्या गीतांतील स्वरसंगतींचा त्यांनी शोध घेतला आणि मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग सिद्ध केले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारातून उठल्यानंतर फुप्फुसाचे दौर्बल्य कायम राहिले. त्यांच्या गाण्यातील छोटी, धारदार स्वरवाक्ये आणि मधले अर्थपूर्ण विराम आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत.

असा गायक बालगंधर्वांच्या पदांकडे वळला, तेव्हा जुन्या रसिकांच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही. माझ्या वडिलांनी गंधर्व नाटक मंडळीची नाटके तरुणपणी पाहिली होती. कुमारांनी गायिलेली ही पदे मी घरी लावली, तेव्हा थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “गातो छान, पण हे नारायणरावांचे गाणे नव्हे.” मी तेव्हा महाविद्यालयात होतो. मला उत्तर सुचले नाही.

ते उत्तर पुढे नाट्यसंगीताचा इतिहास वाचताना मिळाले. ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्यातील पदांसाठी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा आधार घेतला होता. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातील चिजांचे सोने मराठी पदांत ओतले. म्हणजे ज्या गाण्याला आपण नारायणरावांचे म्हणतो, तेही मुळात कुणाकडून तरी आलेले होते. नारायणरावांना ते उमजले, म्हणून ते त्यांचे झाले. कुमारांनी नेमके हेच केले. बालपणी ज्याला कोणाचीही नक्कल साधत होती, त्याने जाणतेपणी नक्कल नाकारली. कार्यक्रमाच्या नावातील ‘मला’ हा शब्द म्हणूनच मला मोलाचा वाटतो. त्यात विनय आहे आणि जबाबदारीही आहे. बालगंधर्व असेच होते, असे तो म्हणत नाही. मला ते असे कळले, एवढेच तो म्हणतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी मंडळींना यात एक बोध आहे. आपण वारसा जपतो, तो बहुधा जसाच्या तसा ठेवण्याच्या काळजीने. संमेलनात तीच पदे, त्याच हरकतींसह मुलांकडून बसवून घेतो. मूल जरा वेगळे गाऊ लागले की त्याला थांबवितो. मीही अध्यापक असताना असे पुष्कळ थांबविले आहे, आणि आज त्याची खंत वाटते. कानडी घरात जन्मलेला, माळव्यात स्थिरावलेला एक गायक मराठी रंगभूमीचे गाणे नव्याने जिवंत करू शकला, कारण त्याला ते पाठ होते एवढेच नव्हे, तर ते कळले होते.

वडील १९८४ साली गेले. त्यांचे म्हणणे खरे होते. ते गाणे नारायणरावांचे नव्हतेच. नारायणरावांना वाहिलेली ती दक्षिणा होती, एवढेच त्यांना सांगावयाचे राहून गेले.